कॉलेजच्या ऑर्केस्ट्रातली एक खुर्ची: संगीत शिष्यवृत्तीसाठी व्हिडिओ ऑडिशन कशी द्यावी

आमच्याकडे न्यू जर्सीत मुलं चौथी-पाचवीत असताना शाळा त्यांच्या हातात वाद्य देते. कुणाला व्हायोलिन, कुणाला क्लॅरिनेट, कुणाला ट्रॉम्बोन. मग आठ वर्षं ही मुलं तालमींना जातात, काळे कपडे घालून हिवाळ्याच्या कार्यक्रमात बसतात. आणि बारावीत कॉम्प्युटर सायन्सला किंवा बायॉलॉजीला अर्ज करायची वेळ आली की घरातून आवाज येतो, "आता वाद्य पुरे झालं." माझी मोठी लेक व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुरातलं वाद्य) वाजवते. तिच्या वेळी मीही हेच म्हणणार होते. तिच्या शाळेतल्या ऑर्केस्ट्राच्या बाईंनी मला थांबवलं. संगीतात पदवी न घेणाऱ्या मुलांनाही, केवळ कॉलेजच्या ऑर्केस्ट्रात, बँडमध्ये किंवा कॉयरमध्ये भाग घेण्यासाठी शिष्यवृत्ती देणारी कॉलेजं अमेरिकेत आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी ऑडिशन व्हिडिओवर देता येते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

त्यानंतर धाकट्याच्या क्लॅरिनेटचे आणि ओळखीतल्या चार-पाच घरांतल्या मुलांचे व्हिडिओ मी जवळून पाहिले, काहींच्या वेळी कॅमेऱ्यामागे उभी राहिले. त्यातून जी गोष्ट सगळ्यात उशिरा उमगली ती आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. व्हिडिओ बघणाऱ्या ऑर्केस्ट्राच्या संचालकाला पुढच्या चार वर्षांसाठी एक खुर्ची भरायची असते. हे मूल माझ्या व्हायोलांच्या रांगेत बसलं तर शेजारच्याच्या सुरात सूर मिळवेल का, लय सांभाळेल का, दर आठवड्याला तालमीला येईल का, एवढंच त्याला बघायचं असतं. आपण मात्र घरात मैफलीची तयारी करत बसतो.

पैसा कुठे आहे, कुठे नाही

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया आणि बाकीच्या चार, अशा आठही आयव्ही लीग विद्यापीठांत गुणवत्तेवर किंवा कलेवर शिष्यवृत्ती मिळत नाही. तिथे मदत मिळते ती घरच्या आर्थिक स्थितीवर. तिथे पाठवलेला संगीताचा व्हिडिओ प्रवेशाच्या अर्जाला जोडलेली पुरवणी असते. चांगला असेल तर अर्जाला वजन येतं, पण बिलातून डॉलर कमी होत नाहीत. दुसऱ्या टोकाला ज्युलियार्डसारख्या कॉन्झर्वेटरी, म्हणजे व्यावसायिक संगीतशिक्षणाच्या संस्था. तिथली वाट वादनालाच आयुष्य वाहिलेल्यांची, आणि तिथे व्हिडिओ ही फक्त पहिली चाळणी असते. पुढे समोर बसून वाजवावं लागतं.

आपल्या कामाचं जे आहे ते या दोन्हींच्या मध्ये: खाजगी लिबरल आर्ट्स कॉलेजं, मध्यम आकाराची विद्यापीठं आणि काही सरकारी विद्यापीठांचे बँड-ऑर्केस्ट्रा विभाग. मिनेसोटातलं सेंट ओलाफ आणि आयोवातलं लूथर ही दोन्ही कॉलेजं त्यांच्या कॉयर आणि ऑर्केस्ट्रासाठी ओळखली जातात, आणि संगीत हा मुख्य विषय नसलेल्या मुलांनाही तिथे संगीताच्या शिष्यवृत्तीसाठी ऑडिशन देता येते. अशा ठिकाणांची यादी काढताना कॉलेजच्या संकेतस्थळावर प्रवेश विभागाचं पान वाचून थांबू नका. संगीत विभागाचं पान वेगळं असतं आणि शिष्यवृत्तीची खरी माहिती बहुधा तिथेच असते. रक्कम वर्षाला काहीशे डॉलरांपासून कित्येक हजारांपर्यंत, कुठलीही असू शकते.

वाद्यावर बरंच अवलंबून असतं, हे स्पष्टच सांगते. व्हायोलिन, बासरी, आल्टो सॅक्सोफोन वाजवणारी मुलं भरपूर असतात. व्हायोला, डबल बास, ओबो, बॅसून, फ्रेंच हॉर्न यांना माणसं शोधावी लागतात. चार बॅसूनवाल्यांपैकी दोघं यंदा पदवी घेऊन बाहेर पडणार असतील, तर त्या वर्षी बॅसून वाजवणाऱ्या मुलाचा व्हिडिओ वेगळ्याच आस्थेने बघितला जातो. पियानोवाल्यांना ऑर्केस्ट्रात जागा फार थोड्या. त्यांनी कॉयरची साथ, जॅझ बँड आणि चेंबर संगीत यांबद्दल विचारावं.

कुठली खुर्ची रिकामी होणार आहे हे संकेतस्थळावर लिहिलेलं नसतं. ते विचारावं लागतं.

पहिलं पत्र मुलाने लिहायचं

अकरावी संपल्यावरच्या उन्हाळ्यात मुलाने त्या त्या कॉलेजच्या ऑर्केस्ट्रा किंवा बँडच्या संचालकाला ईमेल लिहावं. आठ-दहा ओळी पुरतात. कुठलं वाद्य, किती वर्षं, कुणाकडे शिकतो, शाळेच्या किंवा जिल्ह्याच्या कुठल्या ऑर्केस्ट्रात बसतो, कॉलेजात काय शिकायचा विचार आहे. आणि मग तीन प्रश्न. संगीत मुख्य विषय नसलेल्यांना शिष्यवृत्ती आहे का? व्हिडिओ चालतो का, आणि शेवटची तारीख कोणती? माझ्या वाद्यासाठी पुढच्या वर्षी जागा असेल असं वाटतं का?

आपल्या घरांत अशी पत्रं आईवडील लिहितात आणि मूल खाली नाव घालतं. कृपा करून तसं करू नका. संचालकाला चार वर्षं त्या मुलाबरोबर काम करायचं आहे. अडखळत का होईना, मुलाने स्वतः लिहिलेलं पत्र लगेच ओळखू येतं. माझ्या लेकीने नऊ पत्रं लिहिली. सहांची उत्तरं आली, आणि त्यातल्या एका संचालकांनी तर "तू कुठला तुकडा (म्हणजे रचना) वाजवते आहेस?" असं उलट विचारलं. तिथून पुढे व्हिडिओ पाठवताना ती अनोळखी राहिली नव्हती.

उत्तरं येतील तशी एका तक्त्यात लिहून ठेवा: कॉलेज, तारीख, किती तुकडे, किती मिनिटं, स्केल (स्वरांचे क्रमाने आरोह-अवरोह) हवेत का, साथ हवी का, सुरुवातीला नाव सांगायचं की नाही, कुठल्या पोर्टलवर चढवायचं. प्रत्येक कॉलेजच्या अटी थोड्या थोड्या वेगळ्या असतात. एका ठिकाणी नाव सांगा म्हणतात, तर दुसरीकडे सांगू नका म्हणतात. तक्ता नसेल तर नोव्हेंबरात घोळ ठरलेला.

ऑक्टोबर का?

लवकरच्या अर्जांच्या तारखा बहुतेक ठिकाणी १ किंवा १५ नोव्हेंबर असतात आणि कलेच्या पुरवणीची तारीख त्याच्याच आगेमागे. बऱ्याच कॉन्झर्वेटरींची पहिली चाळणी १ डिसेंबरच्या सुमारास बंद होते. निव्वळ शिष्यवृत्तीच्या ऑडिशन अनेक कॉलेजांत जानेवारी-फेब्रुवारीत होतात. म्हणजे घाई नाही असं वाटतं. तरी मी सगळ्यांना ऑक्टोबरच सांगते. घरातलं हीटिंग सुरू झालं की हवा कोरडी पडते, व्हायोलिनच्या खुंट्या सरकतात, लाकडी क्लॅरिनेट आणि ओबोला तडा जायची भीती असते, रीड (तोंडात धरायची पातळ पट्टी) वाळून हट्टी होते. शिवाय नोव्हेंबरात निम्म्या घरांत सर्दी. वाद्याच्या पेटीत आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असं बघा. त्यासाठी छोटी मापकं आणि ओलावा देणाऱ्या पिशव्या स्वस्तात मिळतात.

मे-जूनमध्ये तुकडे ठरवा, ऑगस्टअखेर ते हातात बसलेले हवेत. सप्टेंबरात एक कच्चं रेकॉर्डिंग करा, फक्त ऐकण्यासाठी. पहिलं रेकॉर्डिंग ऐकून प्रत्येक मूल हिरमुसतं. तो धक्का तारखेच्या आदल्या दिवशी बसण्यापेक्षा महिनाभर आधी बसलेला बरा.

काय वाजवायचं

साधारण मागणी अशी असते: एकमेकांपासून वेगळ्या प्रकृतीचे दोन तुकडे, एक संथ आणि गाणारा, एक द्रुत. काही ठिकाणी जोडीला स्केल. सगळं मिळून आठ-दहा मिनिटं.

इथे सगळ्यात मोठी चूक होते, आणि ती बहुधा आपल्या घरांतल्या ईर्ष्येतून होते. ब्रुखचा जी मायनर कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांची मोठी रचना) वाजवला की मूल मोठं दिसेल, असं वाटतं. पण तो निम्माअर्धा जमलेला असेल तर ऐकणाऱ्याला जे जमलेलं नाही तेच आधी ऐकू येतं. त्यापेक्षा मोत्सार्टच्या तिसऱ्या व्हायोलिन कॉन्चेर्टोचा, म्हणजे जी मेजरमधल्या के. २१६चा (हा मोत्सार्टच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक), पहिला भाग स्वच्छ सुरात, नेटक्या लयीत वाजवा. मोत्सार्टमध्ये लपायला जागा नाही. प्रत्येक स्वर उघडा असतो. म्हणूनच तो नीट वाजवणारं मूल लगेच नजरेत भरतं. व्हायोलासाठी स्टॅमिट्झचा डी मेजर कॉन्चेर्टो, चेलोसाठी सेंट-सान्सचा ए मायनर, क्लॅरिनेटसाठी मोत्सार्टचा के. ६२२ किंवा रोझच्या ३२ एट्यूडमधलं (सरावाच्या रचनांमधलं) एखादं, ही सगळी ओळखीची, कुठेही चालणारी निवड. तुकडा किती अवघड आहे यापेक्षा मुलाच्या क्षमतेपेक्षा तो एक पायरी खाली आहे का, हे बघा. कॅमेरा सुरू झाला की सगळ्यांची एक पायरी जातेच.

कणसूर हा शब्द इथे फार उपयोगाचा आहे. ढळढळीत बेसूर वाजवणारं मूल इथवर येतच नाही. पण वरच्या सप्तकात सतत किंचित चढं लागणं, संथ तुकड्यात लांब स्वराच्या शेवटी सूर खाली घसरणं, हा कणसूरपणा घरात वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. ऑर्केस्ट्राचा संचालक तेवढंच ऐकत असतो, कारण बारा व्हायोलिनं एकाच स्वरावर असताना एक कणसूर वाजलं तर सगळी रांग गढूळ होते. संथ तुकड्याचा रियाज ड्रोनवर, म्हणजे सतत वाजणाऱ्या आधारस्वरावर, करून घ्या. आपल्या घरात तानपुऱ्याचं ॲप असतंच. त्या तुकड्याच्या मुख्य स्वरावर ते लावा आणि मुलाला त्यावर वाजवू द्या. आमच्या लेकीच्या पाश्चात्त्य संगीताच्या शिक्षकांना ही कल्पना इतकी पटली, की ते आता सगळ्या विद्यार्थ्यांकडून ती करून घेतात.

लयीचं तसंच. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) लावून वाजवणं वेगळं आणि मेट्रोनोम बंद करून तीच लय शेवटपर्यंत टिकवणं वेगळं. सोप्या ओळी धावतात, अवघड ओळी रेंगाळतात. रेकॉर्डिंग ऐकताना नुसता टाळीने ठेका धरून बघा, कुठे टाळी चुकते ते लगेच कळेल.

आणि स्केल. ती "उरकायची" गोष्ट नाही. दोन-तीन सप्तकांचं एक सुरेल, सम आवाजातलं स्केल मुलाच्या हाताबद्दल अख्ख्या कॉन्चेर्टोइतकं सांगून जातं.

आपल्या कानाची एक सवय इथे आड येते. आपला गायक षड्ज लावतो, आलापीत राग हळूहळू उलगडतो, आणि श्रोता त्याला तो वेळ मनापासून देतो. व्हिडिओ बघणाऱ्यासमोर डझनावारी फाइली असतात. त्याचं मत पहिल्या ओळीतच आकार घ्यायला लागतं. म्हणून क्रम ठरवून दिलेला नसेल तर जो तुकडा जास्त भरवशाचा, तो आधी. कॅमेऱ्यासमोर सूर जुळवत बसू नका, जुळवून मग सुरू करा. आणि कॉन्चेर्टोतला ऑर्केस्ट्राचा लांबलचक प्रास्ताविक भाग पियानोवर पूर्ण वाजवून घेऊ नका. मुलाच्या प्रवेशाआधीची दोन ते चार मापं (स्वरलिपीतल्या दोन उभ्या रेषांमधला भाग म्हणजे एक माप) पुरतात. मधल्या पियानोच्या लांब जागाही अशाच छाटून घ्यायच्या असतात. साथ करणाऱ्याशी हे आधी ठरवावं लागतं, नाहीतर दोन मिनिटं मूल व्हायोलिन खाली धरून नुसतं उभं राहतं.

साथ बंधनकारक नसेल आणि चांगला पियानोवादक मिळत नसेल, तर एक तुकडा मुळातच एकल असलेला निवडा. बाखच्या एकल व्हायोलिनच्या आणि चेलोच्या रचना याच कामाच्या, आणि चेलोच्या रचना व्हायोलावरही सर्रास वाजवल्या जातात. कच्च्या साथीपेक्षा साथ नसलेली बरी. जॅझ बँडसाठी मात्र रेकॉर्ड केलेल्या साथीवर वाजवणं रीतसर चालतं. एक स्विंग (झुलत्या लयीचा तुकडा), एक बॅलड (संथ तुकडा) आणि त्यात मुलाचं स्वतःचं इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे आयत्या वेळी सुचलेलं वादन. ते लिहून पाठ केलेलं असेल तर कळतं, त्यामुळे साधं असलं तरी खरं असू द्या. साथ वाजवताना ब्लूटूथ स्पीकर किंवा इअरफोन नको. त्यात आवाज क्षणभर मागे पडतो आणि ताल सरकतो. वायरचा स्पीकर घ्या.

खोली

महागडा कॅमेरा घेण्याआधी चांगली खोली शोधा. घरातल्या दिवाणखान्यात गालिचा, सोफा, पडदे, त्यामुळे आवाज कोरडा आणि बुटका होतो. बाथरूममध्ये घुमतो. हवी ती जागा म्हणजे उंच छत, लाकडी फरशी, थोडी रिकामी भिंत. शाळेचं सभागृह, चर्चचा प्रार्थनाकक्ष, काही ठिकाणी देवळाचा हॉल. शाळेच्या बाईंना विचारलंत तर शाळा सुटल्यावर तासभर सभागृह बहुधा मिळतं. घरातच करायचं असेल तर गालिचा गुंडाळा आणि वाद्य भिंतीला चिकटवू नका, मागे चार-पाच फूट जागा ठेवा.

मग गप्प उभं राहून दोन मिनिटं ऐका. फ्रीजचा कॉम्प्रेसर, छताचा पंखा, हीटिंगची घरघर, शेजारचं गवत कापायचं यंत्र. कानाला सवय झालेली असते म्हणून आपल्याला ऐकू येत नाही, मायक्रोफोनला येतं. फ्रीज बंद केलात तर परत चालू करायची आठवण म्हणून गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवा. ही युक्ती मी एका ध्वनिमुद्रकाकडून शिकले.

आवाज आधी, चित्र मग

फोनचं चित्र आज पुरेसं चांगलं असतं. अडचण आवाजाची. बहुतेक फोनचा कॅमेरा आवाजाची पातळी आपोआप खालीवर करतो: हळू वाजवलं की वाढवतो, जोरात वाजवलं की दाबतो. मुलाने महिनाभर घासून तयार केलेले चढउतार सगळे सपाट होतात. ट्रम्पेट आणि सोप्रानोच्या (उंच पट्टीत गाणारीच्या) आवाजाचं तर पत्र्यासारखं काहीतरी होतं. म्हणून जमेल तर वेगळा मायक्रोफोन वापरा. फोनला जोडायचा छोटा स्टिरिओ माइक चालतो, किंवा हातात मावणारा रेकॉर्डर. झूम नावाच्या कंपनीचे असे रेकॉर्डर संगीतकारांत खूप वापरले जातात. मीटिंगच्या झूमशी त्या कंपनीचा संबंध नाही. विकत घ्यायची गरज नाही, शाळेच्या संगीत विभागाकडे मागा.

रेकॉर्डरवर आपोआप पातळी ठरवणारं बटण आधी बंद करा. मुलाला तुकड्यातली सगळ्यात जोरकस ओळ वाजवायला सांगा आणि पातळी अशी लावा की काटा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहील. शून्याला टेकला की आवाज फाटतो आणि तो नंतर दुरुस्त होत नाही. डब्ल्यूएव्ही स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. रेकॉर्डर वाद्यापासून सहा ते दहा फुटांवर, डोक्याच्या उंचीच्या थोडा वर. बासरीसमोर थेट ठेवू नका, फुंकर नोंदली जाते. पियानोची साथ असेल तर रेकॉर्डर मुलाच्या बाजूला सरकवा आणि पियानोचं झाकण बंद किंवा अर्धवट ठेवा. घरगुती व्हिडिओत साथच मुख्य वाद्य होऊन बसते, हे मी चारपैकी तीन घरांत पाहिलं.

चित्र आणि आवाज वेगळे नोंदले असतील तर सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. नंतर संगणकावर टाळीचं चित्र आणि टाळीचा आवाज जुळवला की पुढचं सगळं जुळतं, आणि टाळी कापून टाकता येते. फक्त वेगळा आवाज जोडलेला चालतो का, हे त्या कॉलेजच्या अटींत आधी बघा. शंका असेल तर फोनला थेट जोडलेला माइकच वापरा.

फोन आडवा, तिपाईवर, मुलाच्या छातीच्या उंचीवर. पुस्तकांच्या चळतीवर टेकवलेला फोन तिसऱ्या मिनिटाला घसरतो. १०८० पिक्सेल पुरतात. ४के घेतलंत तर फाइल उगाच फुगते. १०८०ला मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी लागतात. तेवढी जागा फोनमध्ये आहे ना ते बघा आणि फोन विमान मोडवर टाका. एका मुलीच्या सर्वांत सुंदर टेकमध्ये शेवटून आठव्या मापाला मावशीचा पुण्याहून फोन आला होता.

व्हायोलिन-व्हायोलाला गजाचं टोक पूर्ण लांबीभर चौकटीत राहायला हवं आणि डावा हातही दिसायला हवा. क्लॅरिनेट-ओबोला ओठांची ठेवण आणि बोटं. स्टँड चेहऱ्यासमोर येऊ देऊ नका, खाली आणि बाजूला. पियानो उजव्या बाजूने, दोन्ही हात आणि चेहरा दिसेल असा. गाणाऱ्याने भिंगाकडे रोखून बघू नये, भिंगाच्या किंचित वर बघावं. उजेड समोरून, खिडकी पाठीमागे नको. कपडे शाळेच्या कार्यक्रमाला घालतो तसे. काळा शर्ट आणि काळी भिंत मात्र टाळा.

रेकॉर्डिंगचा दिवस

आमच्या पहिल्या दिवशी लेकीने सकाळी नऊला सुरुवात केली आणि दुपारी दोनपर्यंत पहिल्याच तुकड्याचे तेवीस टेक झाले. अठराव्याला ती रडली. मी कॅमेऱ्यामागून "अजून एकदा" म्हणत राहिले. नंतर तिच्या शिक्षकांनी सगळे ऐकले आणि चौथा निवडला. त्या दिवशी मी तिला विनाकारण थकवलं, हे मला आजही लागतं.

आता आम्ही असं करतो. आधी अर्धा तास हात मोकळे करायचे. मग दोन्ही तुकडे सलग एकदा, कॅमेरा चालू ठेवून. तो पहिला टेक. दहा मिनिटं विश्रांती, पाणी, सूर पुन्हा तपासायचा. मग प्रत्येक तुकड्याचे आणखी दोन, फार तर तीन टेक. चूक झाली तरी थांबायचं नाही, शेवटपर्यंत जायचं. दोन तासांत संपलं पाहिजे. जमलं नाही तर पुढच्या शनिवारी पुन्हा. म्हणूनच तारखेच्या तीन आठवडे आधी सुरुवात करायची असते. आणि शक्यतो आईवडिलांनी खोलीबाहेर थांबायचं. कॅमेरा सुरू करायला एखादी मैत्रीण पुरते.

शेवटचा स्वर वाजला की तीन सेकंद हलू नका. आवाज विरू द्या. कितीतरी मुलं शेवटचा स्वर सोडतानाच "हुश्श" करतात आणि ते पोहोचतं.

एक तुकडा म्हणजे एक सलग टेक. दोन टेकमधले चांगले भाग जोडणं, सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर वापरणं, वरून घुमारा घालणं, यातलं काहीही करू नका. बहुतेक ठिकाणी ते नियमाने बंद आहे. आणि नियम नसता तरी, ऑगस्टमध्ये त्या खुर्चीवर बसून मूल तसं वाजवू शकणार नाही. दोन तुकडे वेगवेगळ्या वेळी नोंदलेले मात्र सहसा चालतात.

टेक निवडताना मुलाला एकट्याला निवडू देऊ नका. मूल आपली एक चूक धरून बसतं आणि तो टेक बाद करतं, मग त्यात बाकी सगळं फुललेलं का असेना. स्क्रीन झाकून, नुसतं हेडफोनवर ऐका. एक घसरलेला स्वर असलेला पण जिवंत लयीचा, भरदार आवाजाचा टेक हा बिनचूक आणि भेदरलेल्या टेकपेक्षा चांगला. अंतिम शब्द शिक्षकांचा.

फाइल पाठवताना

बऱ्याच कॉलेजांत स्लाइडरूम किंवा ॲक्सेप्टेड (Acceptd) या पोर्टलवर फाइल चढवावी लागते, काही ठिकाणी यूट्यूबचा दुवा चालतो. यूट्यूबवर "अनलिस्टेड" निवडा. "प्रायव्हेट" निवडलंत तर दुवा असूनही संचालकाला व्हिडिओ उघडत नाही. दुवा पाठवण्याआधी स्वतःच्या खात्यातून बाहेर पडून, दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. फाइलच्या नावात मुलाचं आडनाव, वाद्य आणि रचना असू द्या. शेवटच्या रात्री पोर्टल रखडतं, दोन दिवस आधी चढवा. आणि मूळ फाइली १ मेपर्यंत पुसू नका.

व्हिडिओनंतर काही संचालक झूमवर दहा मिनिटं बोलायला बोलावतात, कधी थोडं वाजवायलाही सांगतात. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये संगीतकारांसाठी मूळ आवाज तसाच पाठवायची सोय असते, ती चालू करा. नाहीतर झूम लांब स्वराला गोंगाट समजून दाबून टाकतं.

भारतीय संगीत शिकलेल्या मुलांचं काय

हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो. तबला, हार्मोनियम, हिंदुस्थानी गायन यांचा व्हिडिओ प्रवेशाच्या अर्जाला जरूर जोडा, दहा वर्षांची तालीम ही मोठी गोष्ट आहे. वेस्लियन विद्यापीठ किंवा कॅलआर्ट्ससारख्या ठिकाणी भारतीय संगीत शिकवलंही जातं. पण ऑर्केस्ट्रा-बँडच्या शिष्यवृत्त्या त्या गटातल्या वाद्यांसाठीच असतात. तबला उत्तम येणाऱ्या मुलाने शाळेतच पर्कशनला जावं. हाताला लयीचं अंग आधीच असतं, स्नेअर, टिंपनी आणि मॅलेट (झायलोफोनसारखी काठ्यांनी वाजवायची सुरांची वाद्यं) शिकायला तीन-चार वर्षं मिळाली तर ऑडिशनपर्यंत पोहोचता येतं. गाणाऱ्या मुलांना कॉयरचं दार खुलं आहे, मात्र स्वरलिपी वाचायला शिकावं लागेल आणि आवाजाची फेक बदलावी लागेल.

पुण्या-मुंबईहून अर्ज करणाऱ्यांसाठी व्हिडिओ हा मोठाच आधार, प्रवासखर्च वाचतो. फाफ्सा हा सरकारी मदतीचा फॉर्म परदेशी विद्यार्थ्यांसाठी नाही, पण कॉलेजच्या स्वतःच्या पैशातून दिलेली संगीत शिष्यवृत्ती अनेकदा त्यांनाही मिळू शकते. तसं आहे का, हे पहिल्या पत्रातच विचारा.

पत्र आलं, आता वाचा

शिष्यवृत्तीचं पत्र आलं की आनंद करा आणि मग चष्मा लावून बसा. रक्कम एका वर्षाची की चारही वर्षांची? दर सत्रात ऑर्केस्ट्रात बसणं सक्तीचं आहे का, खाजगी शिकवणीही घ्यावी लागते का, आणि तिची फी कोण देणार? किमान जीपीए (गुणांची सरासरी) किती? एखादं सत्र परदेशात शिकायला गेलं तर पैसे थांबतात का? सगळ्यात महत्त्वाचं, ही रक्कम आधी मिळालेल्या गुणवत्ता शिष्यवृत्तीच्या आणि गरजेवरच्या अनुदानाच्या वर मिळते, की तेवढंच अनुदान दुसरीकडून कमी होतं? एका घरात संगीताचे चार हजार डॉलर आले आणि अनुदानातून तेवढेच गेले. हे प्रश्न आर्थिक मदत विभागाला ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहतं. शिष्यवृत्तीचा जो भाग राहण्याजेवणावर खर्च होतो तो करपात्र धरला जातो, हेही लक्षात असू द्या.

दुसऱ्या कॉलेजचं चांगलं पत्र हातात असेल तर पहिल्याला नम्रपणे कळवायला हरकत नाही. लेकीने तसं लिहिलं, आणि रक्कम थोडी वाढलीही. बहुतेक कॉलेजांना उत्तर १ मेपर्यंत द्यायचं असतं. ज्यांना नकार द्यायचा त्या संचालकांनाही मुलाने दोन ओळी लिहाव्यात, म्हणजे ती जागा वाट बघणाऱ्या दुसऱ्या कुणाला देता येते.

आणि मे महिन्यात वाद्य पेटीत घालून ठेवू नका. कॉलेज उघडलं की पहिल्याच आठवड्यात बऱ्याच ठिकाणी खुर्च्या ठरवायची ऑडिशन पुन्हा होते, आणि ती समोर बसून द्यायची असते. त्याचे उतारे बहुधा उन्हाळ्यातच मिळतात. जुलैत एक ईमेल लिहून ते मागवून घ्या.